देवळाच्या गर्दीत मन लागत नाही. रानात शांत बसून देव जवळचा वाटेल का?

तुम्ही विचारलंय की देवळातल्या रांगेत, धक्काबुक्कीत मन लागत नाही; मग रानात शांत बसून देवाची जवळीक लाभते का, आणि तिथे बसून नेमकं करायचं काय?

लाभते. माझी श्रद्धा तर तिथेच रुजली, आमच्या कोकणातल्या गावच्या काळकाईच्या देवराईत. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. फांदी मोडून पडली तरी सरपणाला कुणी नेत नाही. देवळाच्याच कामाला लाकूड हवं असेल तरी आधी देवीला कौल लावतात, म्हणजे तिची परवानगी विचारतात. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती या राखलेल्या रानांत टिकून असल्याचं दिसलं. लोकांनी देवाला दिलेला शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला, म्हणून त्या टिकल्या.

काय करायचं, हे मला तरी या नियमांतूनच उमगलं. देवळात आपण बहुतेकदा काहीतरी मागायला जातो. राईत मागायचं नाही आणि न्यायचंही काही नाही. फोन बंद करून एका जागी बसायचं आणि समोर जे आहे ते बघायचं. आमच्याकडे गारंबीचा मांडीएवढा जाड वेल या झाडावरून त्या झाडावर गेलाय, त्याला हातभर लांब शेंगा लटकतात. खाली पाचोळ्याचा इतका थर की पाय टाकला की दबतो, आणि वरचा थर बाजूला केला की खाली काळी, ओली माती. उंबर पिकले की धनेश येतात. पक्षी दिसायच्या आधी पंखांचा आवाज ऐकू येतो. या सगळ्याला माझी काडीची गरज नाही, तरी मला इथे बसायला जागा आहे, हे जाणवलं की हात आपोआप जोडले जातात. माझ्यासाठी तोच देव.

मात्र बसल्या बसल्या शांत वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी घरची भांडणं, पैशांची काळजी, जुने अपमान सगळं वर येतं. येऊ द्या. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांनीही ‘आपुलाचि वाद आपणांसी’ असंच म्हटलंय. हा वाद झाल्याशिवाय मन निवत नाही. नामस्मरणाची सवय असेल तर खुशाल करा; नाम कधी थांबलं ते कळतही नाही.

एक गोष्ट मला फार लागते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक ठिकाणी राईतली झाडं तोडून सिमेंटचे सभामंडप उभे राहतायत. ज्या झाडांत देवी राहते ती पाडून तिला फरशी कशाला हवी? तुमच्या गावात असा विषय निघाला तर गावकीच्या बैठकीत बोला, हीसुद्धा देवाचीच सेवा.

पहिल्यांदा जाताना गुरवाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारून जा. चप्पल कुठे काढायची, आत कुठवर जायचं, हे गावागणिक वेगळं असतं. पावसात जळवा असतात. गणपतीनंतर पाऊस ओसरला की सकाळी लवकर जा, तेव्हा सगळ्यात बरं.