छायाचित्राची मूळ चौकट

प्रिय विद्यार्थिमित्रास सप्रेम आशीर्वाद.

प्रदर्शनासाठी तू निवडलेली छायाचित्रे मिळाली. निवड उत्तम आहे. मात्र त्यांखाली ‘विलोभनीय दृश्य’ किंवा ‘आपली सुंदर वसुंधरा’ असे लिहू नकोस. कॅमेरा कोठे होता, कोणाच्या हाती होता आणि मूळ चौकटीत वरची बाजू कोणती होती, एवढे लिहिलेस तरी पाहणारा चित्रापाशी अधिक वेळ थांबेल.

२४ डिसेंबर १९६८चा ‘पृथ्वीउदय’ घे. ‘अपोलो ८’ हे अमेरिकी यान चंद्राभोवतीच्या चौथ्या प्रदक्षिणेत असताना अंतराळवीर फ्रँक बोरमन यान फिरवत होते, तेव्हा त्यांचे सहकारी विल्यम अँडर्स यांना खिडकीतून पृथ्वी वर येताना दिसली. कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म होती. त्यांनी एक छायाचित्र त्यावर घेतले आणि घाईने रंगीत फिल्म मागून घेतली. आपण चंद्राचे क्षितिज आडवे छापतो, पण अँडर्स यांच्या चौकटीत ते उभे होते. शिवाय चंद्राची एकच बाजू सतत आपल्याकडे असल्यामुळे तेथे उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. हा उदय घडला तो यान चंद्रामागून पुढे आल्यामुळे, आणि हे वाक्य चित्राखाली आलेच पाहिजे.

७ डिसेंबर १९७२ रोजी ‘अपोलो १७’मधून घेतलेले पूर्ण पृथ्वीचे छायाचित्र मला सर्वांत प्रिय आहे. सूर्य यानाच्या पाठीशी होता, म्हणून सुमारे २९,००० किलोमीटरवरून संपूर्ण गोल उजळलेला मिळाला. मूळ चौकटीत दक्षिण ध्रुव वर आहे. नकाशाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांसाठी ते पुढे उलटे करण्यात आले. तिघा अंतराळवीरांपैकी नेमके कोणी ते टिपले याविषयी एकमत नसल्याने श्रेय तिघांनाही दिले जाते. तूही तसेच दे. नेहमीच्या मांडणीत उजवीकडे वरच्या कडेशी ढगांचा एक भोवरा दिसतो. दोनच दिवसांपूर्वी, ५ डिसेंबरला, तमिळनाडूला पुराने आणि वाऱ्याने झोडपणारे चक्रीवादळ ते हेच. वर्षानुवर्षे ज्या चित्रात मी केवळ शांत निळाई पाहिली, त्यात आपल्या देशातील माणसांवर ओढवलेले संकट आहे, हे कळल्यापासून मी ते पूर्वीसारखे पाहू शकलेलो नाही.

तुझ्या संग्रहातील २००२चे, तसेच दिसणारे चित्र मात्र वेगळ्या भिंतीवर लाव. ते ज्याच्या नोंदींवरून बनले तो ‘टेरा’ उपग्रह सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून फिरतो, आणि तेथून पृथ्वीचा पूर्ण गोल एका दृष्टिक्षेपात मावतच नाही. ते चित्र कित्येक महिन्यांच्या नोंदी जोडून तयार केलेले आहे. तेही मोलाचे काम आहे, पण एका क्षणी एका खिडकीतून घेतलेले छायाचित्र नव्हे.

अंतराळस्थानकातून रात्री टिपलेल्या शहरांच्या चित्राखाली वेग अवश्य दे. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक धावते, त्यामुळे दिवे पुसट होतात. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी स्थानकावरील सुट्या भागांपासून कॅमेरा हळूहळू फिरवणारी बैठक बनवली, तेव्हा रस्ते स्पष्ट उमटू लागले.

‘अपोलो १७’च्या चित्राची एक प्रत दक्षिण ध्रुव वर ठेवून छाप, दुसरी नेहमीप्रमाणे, आणि दोन्हींवर त्या भोवऱ्याकडे बारीक बाण काढ. मजकुराचा कच्चा खर्डा पाठव, मी तपासून देईन.

तुझा शुभचिंतक