डेंग्यूनंतर पांढऱ्या पेशी २,९००, काय करायचं?

प्रश्न : मॅडम, माझ्या १९ वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला होता. ताप उतरून दोन दिवस झाले, जेवतोय पण. कालच्या रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसी २,९०० आलंय, न्यूट्रोफिल ५२ टक्के, हिमोग्लोबिन १३.८, प्लेटलेट १ लाख १० हजार, अबनॉर्मल पेशी दिसल्या नाहीत असं खाली लिहिलंय. शेजारच्या काकूंनी ब्लड कॅन्सरचं नाव काढलं तेव्हापासून झोप उडालीय. पेशी वाढायला काय देऊ? पपईच्या पानांचा रस देऊ का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, कॅन्सरचा विचार आधी डोक्यातून काढा. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी होतात, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो, कारण व्हायरसमुळे बोन मॅरोचं (हाडांतला मगज, जिथे रक्ताच्या पेशी बनतात) काम काही दिवस मंदावतं आणि मग आपोआप पूर्ववत होतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे, अबनॉर्मल पेशी नाहीत, हे दोन्ही दिलासा देणारंच आहे.

नॉर्मल साधारण ४,००० ते ११,००० धरतात, म्हणून २,९०० पुढे लाल अक्षरात 'लो' छापलं. पण नुसता तो आकडा बघू नका, बॅक्टेरियाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल किती ते बघायचं. २,९०० चे ५२ टक्के म्हणजे साधारण १,५००, एवढ्या पुरतात. ५०० च्या खाली गेल्या आणि सोबत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असला तर मात्र रात्र असो की दिवस, थेट हॉस्पिटल.

रसाने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, उलट कडू रसाने पोरगं ओकतं आणि अंगातलं पाणी जातं, ते मला जास्त काळजीचं वाटतं. ताक, नारळपाणी, भाताची पेज, जे आवडेल ते द्या. अंग दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, दुसरी पेनकिलर मेडिकलमधून आणू नका. पोट खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोरगं सुस्त पडलं तर लगेच दाखवा, डेंग्यूत ताप उतरल्यावरही हे होऊ शकतं.

प्लेटलेट वाढतायत का हे बघायला तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) कराच, आणि मग दोन आठवड्यांनी परत एकदा. तेव्हाही पांढऱ्या पेशी कमीच असल्या तर बी१२ तपासू, शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी निघतं, आणि थायरॉईडची कार्बिमॅझोल वगैरे कुठली गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही पेशी उतरतात.