गिरणी आली तेव्हा आई रडली नव्हती

ताई, तुमच्या जात्याच्या गाण्याआधी तुम्ही आईची गोष्ट सांगता. दोन कार्यक्रमांत ती मी दोन तऱ्हांनी ऐकली. खरी कोणती? — एक वाचक, सांगली

पकडलंत! खरी दुसरी. पहिली मी सात-आठ वर्षं सांगत होते आणि ती खोटी होती.

मुळात गाण्याआधी बोलायची सवय मला हलगीमुळे लागली. दमट हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग वाजवणारा स्टेजमागे जाऊन ती शेकून आणतो. तोवर समोरच्या माणसांनी उठून जाऊ नये म्हणून कुणीतरी काहीतरी बोलायचं. माझ्या हातात तुणतुणं, त्यामुळे मी तशी रिकामीच! एका पावसाळ्यात मी सुरू झाले : आमच्या गावात पिठाची गिरणी आली, त्या दिवशी जातं उचलून अंगणात ठेवलं आणि आई उंबऱ्यात बसून रडली. लोक गप्प झाले. पुढच्या वेळी मी त्यात थोडी भर घातली. त्याच्या पुढच्या वेळी आईचा पदरही डोळ्याला लागला. शेवटी ते गाण्यातच शिरलं : ‘जातं निघालं दाराबाहेर, आई रडे उंबऱ्यात’.

एकदा आई कार्यक्रमाला आली. घरी येईपर्यंत काही बोलली नाही. चपला काढता काढता म्हणाली, “मी कधी रडले गं? पहाटे चारला उठून पायली-पायली दळायचे मी. खांदा भरून यायचा. गिरणी आली तेव्हा पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.”

मला रात्रभर झोप नाही. खोटं बोलले याचं नव्हे, त्याची तर सवयच झाली होती. वाईट वाटलं ते याचं, की आईला काय वाटलं हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. जात्याबद्दल हळहळणारे आम्ही बहुतेक सगळे न दळलेले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या चाळून बघा. बाया जात्याला देव म्हणतात, त्याच्याशी सुखदुःखाचं बोलतात, आणि त्याच ओव्यांमध्ये सासुरवास आणि कष्टही आहेत. माया आणि दमणूक एकाच खुंट्याला धरून फिरतात. मी त्यातली अर्धीच उचलली होती.

कडवं बदललं :

जातं निघालं दाराबाहेर, सुटले आईचे हात
ओवी तेवढी राहिली बाई जुन्या पिठाच्या वासात

टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. आमचा ढोलकीवाला अजून म्हणतो, जुनंच बरं होतं.

अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावाकडे राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं. आमचे आजोबा सांगायचे, मैना म्हणजे बेळगाव-कारवार. मित्र म्हणतो, हे मागाहून चिकटवलेलं, गाणं साधं बायकोच्या विरहाचं आहे. — एक वाचक, निपाणी

निपाणीच्या माणसानं हे विचारावं, यातच सगळं आलं! तुमचे आजोबा बरोबर आणि मित्र अर्धा बरोबर. वरचा बराच भाग खरोखर विरहाचाच आहे. बायकोला गावाकडं ठेवून पोटासाठी मुंबईला आलेला माणूस तिच्या आठवणीनं झुरतो. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावाहून लहानपणी मुंबईत आले होते, ती घालमेल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शेवटाकडे ते स्वतःच सांगतात की खंडित महाराष्ट्राची गत तीच झाली आहे, आणि बेळगाव, कारवार ही नावं घेतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं हे गाणं. 1 मे 1960 रोजी राज्य झालं, मुंबई मिळाली, तुमची निपाणी मात्र पलीकडेच राहिली.

मला यात हेवा वाटतो तो एका गोष्टीचा. गाण्यामागची गोष्ट त्यांनी गाण्यातच ठेवली. हलगी शेकेपर्यंत बोलत बसायची पाळी आली नाही. पोवाड्याची रीत हीच आहे : कोण, कुठं, कशासाठी लढलं ते सगळं आत असतं आणि शेवटी शाहीर आपलं नावसुद्धा गुंफतो. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 सालचं. समोर दिवसभर राबून आलेले कामगार बसायचे. तिथं प्रस्तावना कोण ऐकून घेणार?

आम्ही कॉलेजच्या मुलांनी लोकगीतांचा बॅण्ड काढलाय. गोंधळाच्या पारंपरिक चालीवर शब्द आमचे. हे गाणं ‘आमचं’ म्हणता येईल का?

शब्द तुमचे, चाल सगळ्यांची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती धरतात. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे 1969 साली गेलेल्या अण्णा भाऊंचे शब्द अजून मोकळे नाहीत, 2029 अखेरपर्यंत थांबावं लागेल. जुने म्हणून सर्रास उचलू नका. आणि ‘गीत-संगीत : आम्ही’ असं छापण्याऐवजी ‘शब्द अमुक, चाल पारंपरिक’ असं छापा. ज्या गोंधळ्यांकडून चाल ऐकलीत त्यांचं नावही घ्या. त्यांना बिदागी दिलीत का, हे विचारायचं राहिलं.

गावातल्या खऱ्या माणसांवर गाणं केलं तर त्यांना आधी विचारावं का? — एक वाचक, सिन्नर

विचारावं. मी विचारलं नव्हतं.

नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईवर माझं गाणं आहे. आमच्याच आळीतली ती. नाव बदललं, विहीर बदलली, लुगड्याचा रंग बदलला. सगळीकडे मी ते गोष्टीसकट म्हणायचे, फक्त आमच्या गावात नाही. मग एका जत्रेला गावातच कार्यक्रम ठरला आणि बघते तर ती पहिल्या रांगेत, नात मांडीवर. मागे साथ करणाऱ्या झीलकऱ्यांनी सूर धरला होता, माघार घेता येईना. गोष्ट गाळली आणि सरळ गाण्याला हात घातला.

कार्यक्रम संपल्यावर ती भेटायला आली. “तेवढं विहिरीचं गाणं छान होतं,” म्हणाली. कुणाचं, ते तिनं विचारलं नाही.