न मेलेला, मेलेला आणि उठलेला

प्रश्न असा आला आहे: ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेवर मराठीत लिहायचं आहे. त्यातल्या नाइट किंगला, म्हणजे मुडद्यांचं सैन्य चालवणाऱ्या खलनायकाला, ‘निशाराज’ म्हटलं तर चालेल का? आणि तो ‘अनडेड’ आहे, त्या ‘अनडेड’ला मराठी शब्द काय?

‘निशाराज’ सुचणं साहजिक आहे, पण तो घेऊ नका. रात्रीला नाथ, पती, ईश असं काही जोडलं की मराठीत चंद्र उगवतो. निशानाथ, निशापती, रजनीनाथ, रजनीश ही सगळी त्याचीच नावं. ‘निशाराज’ वाचताच मनात चांदणं पडेल आणि तुमचा खलनायक पहिल्याच ओळीत शीतल, सौम्य होऊन बसेल. देशी वळणाचा ‘रातराजा’ करावा, तर शेजारी रातराणी फुलते. ‘निशाचर’ शब्दात भीती आहे खरी, पण तो राक्षस. तो गरजतो, खातो, भांडतो. नाइट किंग यातलं काहीच करत नाही. अख्ख्या मालिकेत तो एक शब्दही बोलत नाही.

मूळ नाव देवनागरीत ठेवायलाही माझी हरकत नाही, फक्त पहिल्या उल्लेखात फोड करून द्या. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे चिलखतातला सरदार, दोन्ही आपण एकसारखेच लिहितो, आणि या मालिकेत असे सरदार पावलोपावली भेटतात. नवखा वाचक त्याला सरदारांचा राजा समजेल. असाच घोळ त्याच्या लोकांबाबत होतो. बर्फाचे ते थंड, गोरे योद्धे म्हणजे व्हाइट वॉकर, आणि त्यांनी उठवलेले मुडदे म्हणजे वाइट. हा दुसरा शब्द जुन्या इंग्रजीतला, त्याचा मूळ अर्थ नुसता ‘प्राणी, जीव’ एवढाच होता. मराठी डोळा मात्र तो ‘वाईट’ असाच वाचतो. म्हणून निदान या शब्दाला तरी मराठी पर्याय हवाच.

आता ‘अनडेड’. त्याचं शब्दशः मराठी करून पाहा. डेड म्हणजे मृत, अन म्हणजे अ. झालं काय, तर अमृत! ‘न मेलेला’ म्हणावं, तर तो सरळ जिवंत माणूस. मराठीतला नकार मरणच पुसून टाकतो. इथे मरण पुसलेलं नाही. माणूस मेला आहे, पूर्ण मेला आहे, पण निजून राहिलेला नाही. तेव्हा नकाराची वाट सोडून दुसरीकडे शोधायला हवं.

भुतांची नावं मराठीत भरपूर: मुंजा, समंध, हडळ, खवीस, झोटिंग. पण मुळात ते सगळे देह सोडलेले. आपल्याला हवं आहे उलट, देह आहे आणि आतला माणूस गेला आहे. ‘प्रेत’ शब्दाची गंमत अशी की त्याचा धात्वर्थ ‘निघून गेलेला’. संस्कृतात तो गेलेल्या जीवालाही लावतात, आणि आपल्या ‘भूतप्रेत’ या जोडशब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. एरवी मराठीत मात्र जो गेला त्याला नव्हे, जे मागे उरलं त्याला आपण प्रेत म्हणतो. शव आणि कलेवर फार सोवळे वाटतात. मला इथे ‘मढं’ हाच शब्द भावतो. त्यात वजन आहे, माती आहे आणि थोडी घृणाही आहे.

क्रियापदासाठी हार्डहोम या किनाऱ्यावरच्या वस्तीतला प्रसंग आठवा. मालिकेच्या पाचव्या पर्वातला, 2015चा. मालिकेच्या नायकांपैकी एक, जॉन स्नो, होडीतून दूर चालला आहे. नाइट किंग धक्क्यावर येऊन उभा राहतो, त्याच्याकडे पाहत दोन्ही हात सावकाश वर नेतो, आणि किनाऱ्यावर नुकतेच कापले गेलेले सगळे निळे डोळे उघडून उभे राहतात. ‘त्याने मेलेल्यांना जिवंत केलं’ असं इथे लिहू नका. जिवंत करते ती संजीवनी. याने त्यांना फक्त उठवलं. ‘उठवणं’ हे क्रियापद देह हलवतं आणि जीव आल्याचा दावा करत नाही. म्हणून त्याच्या सैन्याला ‘उठलेली मढी’ म्हणा. ‘झॉम्बी’ आता सगळ्यांना कळतो, पण त्याला मांसाची भूक चिकटलेली आहे, ती इथे नाही.

राहिला म्होरक्या. अनेकांना ‘वेताळ’ सुचेल. मलाही तोच आधी सुचला. भुतांचा राजा, आणि प्रेतात शिरून ते चालवणारा, इतका जवळचा शब्द दुसरा नाही. तरी मी तो बाजूला ठेवतो. वेताळ बोलतो, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो. वेताळपंचविशीत गप्प राहायचं असतं ते राजाने. शिवाय वेताळ परक्या देहात शिरतो. नाइट किंग तर मुळात जिवंत माणूस होता. सहाव्या पर्वात दाखवलंय, ‘वनातली मुलं’ म्हणवणाऱ्या प्राचीन, माणसाहून वेगळ्या जमातीने त्याला झाडाला बांधलं आणि काळ्या काचेचं पातं छातीत खुपसून त्याला असा घडवला. म्हणजे तो मेलाच कधी, हा प्रश्नच आहे. मेलेलं आहे ते त्याचं सैन्य. (मूळ कादंबऱ्यांतला ‘नाइट्स किंग’ हा दंतकथेतला, उत्तरेकडच्या बर्फाच्या भिंतीच्या पहारेकऱ्यांचा तेरावा सेनापती आहे. तो वेगळा, त्याला यात ओढू नका.)

तेव्हा म्होरक्याच्या नावात मरण नसलं तरी चालेल, सत्ता मात्र हवी. मी त्याला ‘मढ्यांचा धनी’ म्हणेन. ‘राजा’पेक्षा ‘धनी’ मुद्दाम, कारण राजाच्या माघारी प्रजा उरते. 2019 साली आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागात मालिकेतली तरुण नायिका आर्या त्याच्या पोटात खंजीर खुपसते, त्याचा बर्फासारखा चुरा होतो आणि त्याच क्षणी सगळी मढी जागच्या जागी कोसळतात. तुमच्या लेखात हे वाक्य असं बसेल: ‘धनी फुटला आणि उठलेली मढी पुन्हा नुसती मढी झाली.’