माशाला जीपीएस लावतात का?

तुम्ही विचारलंय की खडकावरचा मासा त्याच जागी राहतो हे शास्त्रज्ञांना कळतं कसं, जीपीएस लावतात का. नाही लावत, कारण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. मी इथं कोल्हापुरात झूलॉजी शिकवतो आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी हेच विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पाण्यात आवाज लांब जातो, म्हणून आवाजाचा टॅग, म्हणजे आवाज काढणारं छोटंसं यंत्र. माशाला गुंगी द्यायची (बऱ्याचदा लवंगेच्या तेलानं, दाढ दुखली की आपण लावतो तेच), पोटात टॅग ठेवून टाके घालायचे आणि पकडला तिथंच सोडायचा. मग तो टॅग ठराविक वेळानं पिंग, म्हणजे बारीक आवाज, करत राहतो, बहुतेक वेळा 69 किलोहर्ट्झवर, म्हणजे आपल्या कानाला ऐकूच येत नाही, आणि तळाशी बांधलेले रिसीव्हर टॅगचा नंबर अन् वेळ टिपत बसतात. काही महिन्यांनी डायव्हर ते रिसीव्हर वर काढतात आणि डेटा उतरवून घेतात. एखाद्या रिसीव्हरवर पिंग येत राहिले म्हणजे मासा त्याच्या आसपास आहे.

खरी मेख इथून पुढं आहे. रात्री पिंग कमी झाले की वाटतं मासा कुठंतरी गेला, पण रीफवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, नांगी आपटून टक-टक करणाऱ्या बारक्या कोळंब्या असतात, त्यांचा गोंगाट रात्री वाढला की पिंग त्यातच बुडतात, नाहीतर मासा कपारीत झोपलेला असतो आणि आवाज बाहेरच येत नाही. म्हणून एक टॅग नुसताच, माशाशिवाय, तळाशी बांधून ठेवतात. त्याचेही पिंग रात्री घटले तर मासा गेला असं म्हणता येत नाही. आणि उलटंही होतं, महिनोन्महिने एकाच रिसीव्हरवर जराही फरक न पडता पिंग येत असतील तर मासा बहुतेक मेलाय किंवा टॅग गळून पडलाय. मी मुलांना हेच परत परत सांगतो, की जागेवर मासा आहे का नुसता टॅग, हे आधी बघा.

आणि जागा धरून राहणारा मासासुद्धा कायम तिथंच नसतो. कॅरिबियनमधला नासाऊ ग्रुपर, म्हणजे आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद, वर्षभर आपला खडक सोडत नाही, पण हिवाळ्यात पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालायला कित्येक किलोमीटर लांब एका ठरलेल्या जागी जमतो आणि नंतर परत घरी येतो. चैत्र पौर्णिमेला गावोगावची माणसं जोतिबाला जमतात ना, अगदी तसं. त्या चार दिवसांत तिथं जाळी पडली तर आजूबाजूच्या सगळ्या खडकांवरचे मासे एकदम जातात, आणि बऱ्याच ठिकाणी असंच होऊन ते जमणंच बंद पडलंय.