साजूक तूप, शेव आणि धमन्यांचे आरोग्य

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५४ असून नुकत्याच केलेल्या तपासणीत त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल १६८ निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. सासूबाई म्हणतात, घरच्या साजूक तुपाने काही होत नाही. मुलगा म्हणतो, तेल-तूप सगळेच बंद करा. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : मोरीच्या नळीत ओशटपणा साचावा तशी चरबी धमनीत साचत जाते, अशी समजूत सर्रास आढळते; पण प्रत्यक्षात एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे (‘वाईट’ समजले जाणारे) कण धमनीच्या अस्तराखाली शिरून तेथेच अडकतात, त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगतात आणि वर्षानुवर्षे भिंतीच्या आतच थर वाढत राहतो. तो फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका येतो. रक्तातले एलडीएल उचलण्याचे काम मुख्यतः यकृताच्या पेशींवरील ग्राहक, म्हणजे एलडीएलला पकडून आत घेणारी प्रथिने, करतात (या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले) आणि आहारात संपृक्त मेद (तूप-लोण्यासारखा, थंडीत गोठणारा) वाढला की त्यांचे काम मंदावते.

साजूक तुपात साठ टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाने संपृक्त मेद साधारण २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघते. एका मोठ्या चमचाभर तुपातच त्यातले आठ-नऊ ग्रॅम येतात, आणि दूध, पनीर, मावा यांचा हिशेब वेगळाच. म्हणून वरणभातावरचा लहान चमचा सासूबाईंनी आनंदाने वाढावा, पण पोळीला, शिऱ्याला आणि फोडणीलाही तूपच, हे यजमानांच्या बाबतीत थांबवायला हवे.

चिरंजीवांचा उपायही मला पटत नाही. तूप काढून त्या जागी भात, मैदा आणि जिलबी आली तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) वाढतात आणि हाती काही लागत नाही; त्या जागी सोयाबीन, शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचे तेल आले तरच एलडीएल उतरते. माळव्यात घरोघरी वापरले जाणारे सोयाबीनचे तेल या दृष्टीने चांगलेच आहे, त्यासाठी महागडे ऑलिव्ह तेल आणण्याचे कारण नाही. फक्त ते बाटलीतून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घालावे.

मला खरी काळजी वाटते ती शेवेची. इंदुरात ती पोह्यांवर, खिचडीवर, भाजीतही पडते, आणि तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तेलच असते, शिवाय मीठ. त्यातही पुनःपुन्हा तापवलेल्या तेलातली किंवा वनस्पती तुपातली कचोरी टाळावी, कारण त्यात तयार होणारा ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि उपयुक्त एचडीएल घटवतो. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण दुकानाच्या कढईत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

आहार सुधारल्याने एलडीएल बहुधा दहा-पंधरा टक्के उतरते. १६८ साठी तेवढे पुरेसे नाही, म्हणून गोळी मनाने बंद करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. सासरच्या नात्यात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे आणि मुलाचेही कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे.