झाकणावरचे मीटर आणि बाथरूममधले पाणी

प्रश्न : माझ्याकडे दोन यांत्रिक मनगटी घड्याळे आहेत. एक वडिलांनी वापरलेले, रोज चावी द्यावी लागणारे. त्याच्या मागच्या झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' असे कोरलेले आहे. दुसरे गेल्या वर्षी घेतलेले ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, त्यावर १०० मीटर लिहिले आहे. मी काही पाणबुड्या नव्हे. मग हात धुताना, पावसात, आंघोळीला किंवा पोहायला जाताना घड्याळ काढून ठेवायची खरोखर गरज आहे का?

उत्तर : नव्या घड्याळाने पोहायला हरकत नाही, मात्र आंघोळीला ते काढून ठेवावे. वडिलांच्या घड्याळाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. हे उत्तर उलटेसुलटे वाटेल, म्हणून त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

झाकणावरचा आकडा म्हणजे खोलीची परवानगी नव्हे. तो नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत, स्थिर पाण्यात, ठरावीक वेळ सहन केलेल्या दाबाचा आकडा असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक बार दाब वाढतो. त्यामुळे ३० मीटर, ३ बार आणि ३ एटीएम (म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या तिप्पट) ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत. रोजच्या वापराच्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यानुसार प्रत्येक नग तपासण्याऐवजी नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालतात. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी असलेले आयएसओ ६४२५ हे मानक अधिक कडक आहे : त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते, प्रत्येक घड्याळ तपासावे लागते आणि तेही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली. आपल्या घड्याळावरचे १०० मीटर यांपैकी कोणत्या प्रकारचे आहेत, हे त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे.

पोहताना हात जोरात फिरवल्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो आणि म्हणून ३० मीटरचे घड्याळ निकामी होते, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते हिशेबाला टिकत नाही. सेकंदाला ३ मीटर वेगाने पाण्यातून हात फिरवला, तरी वाढणारा दाब जेमतेम अर्धा मीटर जास्त खोल गेल्याइतकाच असतो. खरा दोष हाताच्या वेगाचा नसून रबराच्या वयाचा आहे.

घड्याळाच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, पाणी शिरण्याच्या वाटा मोजक्याच असतात : काचेची कड, मागचे झाकण आणि चावीचा, म्हणजे बाजूच्या फिरवायच्या गुंडीचा, दांडा जिथून आत जातो ते भोक. या तिन्ही ठिकाणी रबराच्या किंवा तत्सम लवचीक पदार्थाच्या बारीक रिंगा बसवलेल्या असतात. उष्णता, घाम, साबण, अत्तर, त्वचेला लावायची क्रीम यांनी ते रबर हळूहळू कडक होते, चपटे होते, कधी त्याला तडेही जातात. आणि बाहेरून यातले काहीच दिसत नाही. चावीच्या घड्याळात तर आणखी एक अडचण असते. बॅटरीच्या घड्याळाची चावी माणूस क्वचितच हाताळतो. आपण मात्र वडिलांच्या घड्याळाची चावी रोज पिळता, आणि त्या प्रत्येक फेऱ्यात दांड्याभोवतालची रिंग थोडी थोडी घासली जाते. म्हणून ज्या घड्याळाला पाण्याची सर्वांत जास्त भीती, त्याचीच ही वाट सर्वांत आधी सैल होते. झाकणावरचे ३० मीटर त्याच्या जन्मदिवसाचे आहेत. आज त्यांना काही अर्थ उरलेला नाही.

चावीची ही वाट बंद करण्यासाठीच स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी चावी आली. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू अशा चावीचे रोलेक्स ऑयस्टर घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली. थंडीमुळे तिला पोहणे अर्धवट सोडावे लागले, पण घड्याळ चालूच राहिले. तिचे घड्याळ नवे होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. आपल्या नव्या घड्याळाची चावी अशी स्क्रूची असेल, तर पाण्यात उतरण्यापूर्वी ती पूर्ण आवळली आहे ना हे बोटाने तपासावे. चांगली घड्याळे बुडतात ती बहुधा याच विसराळूपणामुळे. ओल्या घड्याळाची चावी कधीही ओढू नये. समुद्रातून किंवा तरणतलावातून बाहेर आल्यावर चावी बंद ठेवूनच घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे, कारण मीठ आणि क्लोरीन दोन्ही चिवट असतात.

आता आंघोळीविषयी. गरम पाण्याने केसमधली हवा तापते आणि रबर नरम पडते. पुढे घड्याळ थंड होऊ लागले की आतली हवा आकसते आणि जिथे फट असेल तिथून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे एरवी पाणी थबकले असते अशा बारीक फटीतूनही ते सरकते. हे सारे एका दिवसात घडत नाही. पण रोजच्या आंघोळीत रोज घडते. पावसाचे चार थेंब किंवा हात धुताना उडालेले पाणी नव्या घड्याळाला काहीच करणार नाही. चामड्याचा पट्टा असेल तर काळजी पट्ट्याची करावी.

सुट्टे भाग मिळत असतील, तर वडिलांच्या घड्याळाच्या सर्व रिंगा पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बदलून घ्याव्यात आणि दाबाची चाचणीही करवून घ्यावी. ही चाचणी कोरड्या हवेत होते : घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवून केस किती दबते हे यंत्राने मोजले जाते, म्हणजे ती नापास झाली तरी आत पाणी जात नाही. नव्या घड्याळाचीही अशी चाचणी वर्षातून एकदा, निदान पोहण्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी करावी.

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक घड्याळाच्या काचेवर आतून धुके आले आणि दुपारपर्यंत आपोआप गेले. आता काळजीचे कारण नाही ना?

उत्तर : आहे. धुके दिसेनासे झाले म्हणजे ओलावा बाहेर गेला असे नाही. तो काचेवरून उठून आतल्या थंड धातूवर बसला असण्याचीच शक्यता अधिक. चावीचा दांडा आणि बारीक स्क्रू पोलादी असतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो. घड्याळ उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायरने तापवू नका, चावी देऊ नका आणि मनगटावरही घालू नका, कारण हाताच्या हालचालीने ते आपसूक चालत राहील. त्याच दिवशी घड्याळजींकडे उघडायला द्या. पाणी समुद्राचे असेल, तर संध्याकाळचीही वाट पाहू नका.